चव राहिली, जागा गेली

रमजान सुरू झाला की मुस्लिम मालकाच्या हॉटेलच्या दाराला पडदा लागतो. जाडसर कापडाचा, जमिनीपासून हातभर वर संपणारा. रस्त्यावरून जाणाऱ्याला आत बसलेल्यांचे फक्त पाय दिसतात. हा पडदा कशासाठी, असे अनेक हिंदू मित्र विचारतात. रोजेदाराच्या डोळ्यांसमोर कोणी जेवू नये, हे एक कारण. आत जेवणाऱ्याला संकोच वाटू नये, हे दुसरे. मला दुसरे कारण जास्त महत्त्वाचे वाटते. कारण खराडीसारख्या ठिकाणी पडद्याआड जेवणारे बहुतेक मुस्लिम नसतातच. इमारतींचे सुरक्षारक्षक, डिलिव्हरीची मुले, साइटवरचे मुकादम, आयटी पार्कमधून दुपारी बाहेर पडणारे चार-पाच जण, असे हे गिऱ्हाईक असते. वाढणाऱ्याच्या पोटात पहाटेपासून पाण्याचा थेंब नसतो आणि जेवणारा दुसरी रोटी मागवत असतो. दोघांनाही त्यात वावगे काही वाटत नाही.

भटारखान्यात तर आणखी मौज असते. आचाऱ्याचा रोजा असतो, मग मीठ कोणी बघायचे? जिभेच्या टोकावर चव घेऊन थुंकून टाकण्याची सवलत शरीयत आचाऱ्याला देते, पण बरेच आचारी ती घेत नाहीत. रोजा नसलेल्या सहकाऱ्याला हाक मारतात, ‘जरा मीठ बघ रे.’ म्हणजे महिनाभर बिर्याणीचे मीठ मराठवाड्यातून नोकरीला आलेला एखादा हिंदू मुलगा ठरवतो. या शहरात एकोप्याची भाषणे पुष्कळ होतात, पण हा रोजचा व्यवहार कोणाच्या भाषणात येत नाही.

खराडीत आज अशी हॉटेले उघडतात आणि बंद होतात. पडद्याच्या जागी शटर येते, शटरवर ‘जागा भाड्याने देणे आहे’ आणि खाली मोबाइल नंबर. महिन्या-दोन महिन्यांत तिथे मोबाइल दुरुस्ती, औषधांचे दुकान किंवा दुसऱ्या नावाचे हॉटेल दिसू लागते. परिसरातले लोक दोन वाक्यांत निकाल देतात. ‘चालत नव्हते’ किंवा ‘चव गेली होती.’ हा निकाल बहुतेक वेळा खोटा असतो, एवढेच मला या लेखात म्हणायचे आहे. हॉटेल भटारखान्यात मरत नाही. ते भाडेकराराच्या कागदावर मरते, मोबाइलच्या पडद्यावर मरते, आणि उरलेले काम आपण शेजारी करतो.

आधी गावाकडे पाहू. खराडी हे मुळा-मुठेच्या काठचे शेतीचे गाव. 1997 मध्ये ते पुणे महापालिकेत आले. नगर रस्त्याच्या अलीकडे चंदननगर, नदीपलीकडे मुंढवा आणि केशवनगर. मग आयटी कंपन्या आल्या, ईऑन आयटी पार्क आले, वर्ल्ड ट्रेड सेंटर आले, आणि एका पिढीच्या आत ज्वारीच्या रानात वीस-वीस मजली इमारती उभ्या राहिल्या. इतकी माणसे एकदम एखाद्या गावात आली की त्यांच्या पोटापाण्याची सोय कोणीतरी करावीच लागते. ती सोय आधी पत्र्याच्या शेडमधल्या हॉटेलांनी केली. चहा-पोहे, अंडा-बुर्जी, खिमा-पाव, दाल-राइस. कोणी बीड-लातूरहून आले, कोणी उडुपीहून, कोणी उत्तर प्रदेशातून. बांधकामावरचा मजूर आणि लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावलेला मुलगा एकाच बाकावर बसले ते या शेडमध्ये. पुढे शेड गेली, तळमजल्यावर गाळे आले, आणि गाळ्यांबरोबर भाडे आले.

भाड्याचा मुद्दा समजून घ्यायचा तर कॅम्प आणि डेक्कनपर्यंत जाऊन यावे लागेल. पुण्याच्या जुन्या हॉटेलांची नावे आपण अभिमानाने घेतो. दोराबजी 1878 पासून आहे. ‘गुडलक’ 1935 पासून आहे. कॅम्पातली जुनी इराणी हॉटेले एकेक करून गेली, तेव्हा वर्तमानपत्रांतून हळहळ व्यक्त करणारे लेख आले. त्या लेखांत बन-मस्का, पाणीकम चहा, बेंटवुडच्या खुर्च्या आणि संगमरवरी टेबले यांचे वर्णन असते. एक गोष्ट मात्र क्वचितच असते. ही हॉटेले पन्नास-साठ वर्षे टिकली, त्याचे निम्मे रहस्य जागेत होते. काहींची जागा स्वतःची होती. काही 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याखालचे जुने भाडेकरू होते. नाममात्र भाडे आणि घरमालकाला सहजासहजी हटवता येणार नाही असे संरक्षण. म्हणून एका चहावर दोन तास बसणारा कवी, विद्यार्थी, निवृत्त कारकून इराण्याला परवडत होता. त्या कायद्याची दुसरी बाजूही होती. भाडे मिळत नाही म्हणून घरमालक डागडुजी करीत नव्हते आणि इमारती खिळखिळ्या होत होत्या. ते काही रामराज्य नव्हते. पण भाड्याचे ओझे नसेल तर हॉटेलवाला माणसाला बसू देतो, हे त्या काळाने दाखवून दिले.

मुंबईचे उदाहरण आणखी स्पष्ट आहे. जहांगीर आर्ट गॅलरीतले ‘समोवार’ उषा खन्ना यांनी 1964 मध्ये सुरू केले. चित्रकार, पत्रकार, वकील, कॉलेजची मुले, सगळ्यांचा तो अड्डा. अर्धशतक चाललेले हे उपाहारगृह 2015 च्या मार्च महिन्यात बंद झाले. गिऱ्हाईक आटले होते का? अजिबात नाही. शेवटच्या दिवसांत तिथे उभे राहायला जागा नव्हती. प्रश्न जागेचा होता आणि जागा गॅलरीची होती. ग्रँट रोड स्टेशनबाहेरच्या ‘बी. मेरवान’ची गोष्टही अशीच बोलकी आहे. 1914 साली सुरू झालेले हे हॉटेल बंद होणार अशी बातमी 2014 मध्ये पसरली. मावा केकसाठी भल्या पहाटेपासून रांगा लागल्या. कित्येक वर्षांत तिकडे न फिरकलेले लोक उपनगरांतून आले, फोटो काढले, डोळे पुसले. नंतर कळले की ते दुरुस्तीसाठी बंद होत होते. हॉटेल पुन्हा उघडले आणि रांग ओसरली. हॉटेलच्या मयताला गर्दी करायची आणि जिवंतपणी तिकडे पाहायचे नाही, ही सवय मुंबईकरांचीच आहे असे नाही.

आता खराडीत परत येऊ. इथे पागडी नाही, जुना भाडेकरू नाही. इथे ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करार असतो. तीन किंवा पाच वर्षांचा, दरवर्षी ठरावीक टक्के वाढीचा, सहा-आठ महिन्यांच्या भाड्याएवढ्या डिपॉझिटचा. हॉटेलवाला आत शिरताना फरशी, चिमणी, तंदूर, पाण्याची टाकी, बोर्ड, फ्रीज यांवर पैसे घालतो. बाहेर पडताना फरशी आणि चिमणी घरमालकाची होतात. पहिली दोन वर्षे गुंतवणूक भरून काढण्यात जातात. तिसऱ्या वर्षी हॉटेलला नाव मिळते, संध्याकाळी गर्दी होते, आणि ती गर्दी घरमालकही पाहत असतो. कराराच्या नूतनीकरणाला तो त्या गर्दीचे भाडे मागतो. चांगले चालणे हाच हॉटेलचा गुन्हा ठरतो.

त्यावर कराचे एक कलम. हॉटेलच्या बिलावर 5 टक्के जीएसटी लागतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण 15 नोव्हेंबर 2017 पासून हा दर घेणाऱ्या हॉटेलला आपल्या खरेदीवर आणि खर्चावर भरलेला कर वजा करून घेता येत नाही. दुकानाच्या भाड्यावरचा 18 टक्के जीएसटी त्याच्या अंगावर पडतो. पूर्वी घरमालक जीएसटीत नोंदलेला नसेल तर हा कर लागत नसे. 10 ऑक्टोबर 2024 पासून तशा वेळी नियमित नोंदणी असलेल्या भाडेकरूनेच तो भरायचा आहे. म्हणजे 60 हजार भाडे असेल तर वर 10 हजार 800. दिल्लीत एका अधिसूचनेने हा बदल झाला आणि खराडीतल्या गल्ल्यावर महिन्याच्या आठवडाभराची कमाई कमी झाली. टीव्हीवर त्याची चर्चा झाल्याचे मला आठवत नाही.

आणि मग मोबाइल. झोमॅटो, स्विगी यांनी लहान हॉटेलला लांबचे गिऱ्हाईक मिळवून दिले, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्या हॉटेलला बसायला चारच टेबले आहेत, त्याला दोनशे घरे मिळाली. पण किंमत काय? एक साधा हिशेब मांडतो. आकडे समजा म्हणून घ्या, पण या धंद्यातल्या कोणालाही ते ओळखीचे वाटतील. 200 रुपयांची बिर्याणी. ऑफरमध्ये मालकाच्या वाट्याची सवलत 30. राहिले 170. त्यावर 25 टक्के कमिशन आणि कमिशनवरचा कर मिळून 50. राहिले 120. डबा, पिशवी, चमचा, कांदा-रायत्याची पुडी 10. तांदूळ, कोंबडी, तेल, मसाला 75. हातात आले 35 रुपये. यातून गॅस, पगार, वीज, पाणी आणि भाडे. महिन्याचे भाडे 60 हजार म्हणजे दिवसाचे 2 हजार. 35 रुपयांच्या हिशेबाने नुसत्या भाड्यासाठी रोज 57-58 प्लेटी जाव्या लागतात. तीच प्लेट टेबलावर बसून कोणी खाल्ली तर 200 वजा 75, म्हणजे 125 रुपये उरतात, आणि भाडे 16 प्लेटींत निघते. चौथ्या मजल्यावरून खाली उतरून पन्नास पावले चालण्याची ही किंमत आहे. आपण ती चालत नाही. समोरच्या इमारतीतल्या हॉटेलमधून मोबाइलवर मागवतो, आणि मुलगा मोटारसायकलवरून तेच पन्नास पावलांचे अंतर पार करून येतो.

हॉटेलवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेने, नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन ऑफ इंडियाने, 2021 मध्ये या कंपन्यांविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. एप्रिल 2022 मध्ये आयोगाने चौकशीचे आदेश दिले. चौकशा होतील, निकाल लागतील, अपिले होतील. मोठ्या कंपनीला वाट पाहणे परवडते. वाट पाहण्याची किंमत काय असते ते पुण्याच्या ‘बर्गर किंग’ला विचारावे. एका इराणी दाम्पत्याचे हे छोटे हॉटेल 1992 पासूनचे, त्याच नावाची अमेरिकी साखळी भारतात दुकान थाटण्याच्या बऱ्याच आधीचे. नावावरून कंपनीने 2011 मध्ये दावा लावला. ऑगस्ट 2024 मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला. तेरा वर्षे गेली, आणि कंपनी उच्च न्यायालयात गेलीच. त्या दाम्पत्याची चिकाटी मोठी. प्रत्येक हॉटेलवाल्याकडे तेरा वर्षे नसतात. खराडीतल्या कित्येकांकडे तेरा आठवडेही नसतात.

करोनाने हे उघडे पाडले. 2020 चा रमजान 25 एप्रिलला सुरू झाला तेव्हा देश बंद होता. ऑक्टोबरच्या 5 तारखेला निम्म्या क्षमतेने हॉटेले उघडली. कशीबशी घडी बसत होती तोवर एप्रिल 2021 उजाडला. पुण्यात संध्याकाळी सहा ते सकाळी सहा अशी संचारबंदी लागली. हॉटेलांत बसून खायला बंदी, फक्त घरपोच. 14 एप्रिलला पहिला रोजा होता आणि त्याच रात्री आठपासून राज्यभर ‘ब्रेक द चेन’चे कडक निर्बंध सुरू झाले. इफ्तारची वेळ सातच्या सुमाराची. म्हणजे ज्या महिन्याच्या संध्याकाळी मुस्लिम मोहल्ल्यातले हॉटेल वर्षाची तूट भरून काढते, तो महिना सलग दुसऱ्या वर्षी गेला. निर्बंध साथ रोखण्यासाठी होते, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या दोन वर्षांत भाडे किती ठिकाणी माफ झाले? खराडीला दुहेरी फटका बसला, कारण आयटी कंपन्यांनी माणसे घरी पाठवली. दुपारचे जेवण, संध्याकाळचा चहा, रात्रपाळीची अंडा-बुर्जी, सगळे एका दिवसात थांबले. कार्यालये पुन्हा उघडली तीही आठवड्यातून दोन-तीन दिवसांसाठी. हॉटेलचे भाडे मात्र आठवड्याचे सातही दिवस चालू होते. त्यात मे 2022 मध्ये 19 किलोचा व्यावसायिक गॅस सिलिंडर मुंबईत 2 हजार 300 रुपयांच्या पुढे गेला. गॅस नंतर उतरला, पण तोपर्यंत उधारीचा डोंगर झाला होता.

अशा पडझडीत शेजाऱ्यांनी काय केले? काहींनी खूप केले, आगाऊ पैसे भरून डबे लावले. आणि काहींनी सोसायटीच्या सभेत वासाचा मुद्दा काढला. तळमजल्यावर हॉटेल असेल तर चिमणीचा धूर, रात्रीची भांडी, पार्किंग, उंदीर, हे खरे प्रश्न आहेत. मी वर राहत असतो तर मीही बोललो असतो. पण ‘वास’ हा शब्द खराडीत आणि पुण्यात इतरत्रही दोन अर्थांनी वापरला जातो, हे आपण सगळे जाणतो. शेजारच्या गाळ्यात पावभाजीच्या तव्यावर लोणी जळते, त्याचा वास येत नाही. खिम्याचा येतो. मांसाहारी हॉटेलला जागा द्यायची नाही, ही अट घरमालक करारात लिहीत नाहीत, फोनवर सांगतात. मालकाचे नाव ऐकून फोन ठेवणारेही असतात. ही अट हिंदू मराठा खानावळवाल्यालाही लागते, मटण-भाकरीवाल्यालाही लागते, म्हणून हा केवळ धर्माचा प्रश्न आहे असे मी म्हणणार नाही. परिणाम मात्र एकच होतो. मोजक्याच जागा उरतात, त्यांवर मागणी वाढते आणि त्या मोजक्या जागांचे भाडे चढते. मग व्हॉट्सॲपवर अधूनमधून कुणाकडे खावे आणि कुणाकडे खाऊ नये याच्या याद्या फिरतात. त्या याद्यांनी किती गिऱ्हाईक तुटते, ते मोजता येणार नाही. पण ज्याचा नफा प्लेटमागे 35 रुपये आहे, त्याला दिवसाला दहा प्लेटी कमी झालेल्याही पुरतात.

हॉटेलवाल्यांची बाजू घेताना त्यांच्या चुका झाकायच्या असे नाही. हिशेबाची वही आणि घरखर्चाची वही एकच असते. गल्ल्यातून मुलीच्या लग्नाला पैसे जातात आणि मटणवाल्याचे बिल राहते. अन्न सुरक्षेचा परवाना भिंतीवर असतो, पण ओटा चिकट असतो. मेन्यूकार्डवर दीडशे पदार्थ, त्यातले चाळीस चायनीज, आणि खरे चांगले होतात ते सहा. पदार्थ कमी करा म्हटले की मालक म्हणतो, गिऱ्हाईक विचारते. मुलांचे पगार वेळेवर होत नाहीत, त्यांचा विमा नाही. बायका-मुलांना घेऊन बसावे अशी जागा नाही, ‘फॅमिली रूम’ म्हणजे जिन्याखालची कोंडलेली खोली. या गोष्टी सुधारायला भाडे कमी व्हायची वाट पाहावी लागत नाही. आणि आमच्या समाजात एक जुना आजार आहे. एकाची बिर्याणी चालली की त्याच रस्त्यावर आणखी चार बिर्याणीवाले उभे राहतात, ‘हैदराबादी दम’चे तेच बोर्ड लावून, दर दहा रुपयांनी पाडून. वर्षभरात पाचही जातात.

तरीही हॉटेल गेल्यावर मालकाचे होते त्यापेक्षा जास्त नुकसान इतरांचे होते. मालक कर्ज घेऊन दुसरे काही करतो, रिक्षा घेतो, भावाच्या दुकानात बसतो. हॉटेलच्या माळ्यावर झोपणाऱ्या मुलांची नोकरी आणि निवारा एकाच दिवशी जातो. खराडीत खाट भाड्याने घेण्याइतका त्यांचा पगार नसतो, म्हणून तर ते माळ्यावर असतात. उधारीवर कोंबड्या देणारा, पाव देणारा, दूधवाला, भांडी घासायला येणारी मावशी, प्रत्येकाचे थोडेथोडे बुडते. आणि ज्यांच्या खोलीत चूल नाही अशांचे जेवण जाते. रखवालदाराला मॉलच्या फूडकोर्टमध्ये कोणी अडवत नाही, पण तिथल्या एका थाळीच्या पैशात त्याचा दोन दिवसांचा खर्च भागतो. बिल्डरच्या माहितीपत्रकात ‘फाइव्ह मिनिट्स टू फाइन डायनिंग’ असे छापलेले असते. 80 रुपयांत पोटभर जेवण किती मिनिटांवर आहे, ते छापत नाहीत.

रमजानपुरते बोलायचे तर खराडीच्या रोजेदारांसाठी ही हॉटेले म्हणजे इफ्तारची जागा होती. यंदा मार्चमधला रोजा, मगरिबची अजान पावणेसातच्या आसपास. त्या वेळी नगर रस्ता तुंबलेला असतो. कोंढवा, भवानी पेठ किंवा कॅम्पमधल्या घरी पोहोचणे शक्य नसते. कंपनीच्या पायऱ्यांवर बसून खजूर तोंडात टाकायचा, की कोपऱ्यावरच्या हॉटेलात चार अनोळखी लोकांबरोबर टेबलाला बसायचे? हॉटेलवाला त्या वेळी बिल लावायला बसत नाही. फळे, भजी, शरबत यांचे ताट टेबलावर येते, मुस्लिम असो वा नसो, बसलेल्याच्या पुढ्यात सरकवले जाते. अशाच ताटामुळे कित्येक सहकाऱ्यांना पहिल्यांदा कळले असेल की रोजा खजुराने सोडतात, बिर्याणीने नव्हे.

मग करायचे काय? शहराने, घरमालकाने आणि आपण, असे तीन ठिकाणी काही करता येण्यासारखे आहे. शहराचे आधी. विकास आराखड्यात शाळा, दवाखाना, मंडई यांना आरक्षण असते. ज्या भागात हजारो लोक कामाला येतात तिथे स्वस्त जेवणाच्या जागांनाही ते असायला हवे. महापालिकेने आपल्या ताब्यातल्या गाळ्यांपैकी काही मर्यादित भाड्याने, लांब मुदतीने, आणि जास्तीत जास्त बोलीच्या लिलावाशिवाय खानावळींना द्यावेत. लिलाव केला की तोच घरमालकाचा खेळ महापालिका खेळते. राज्याची शिवभोजन थाळी 2020 मध्ये सुरू झाली तेव्हा 10 रुपयांची थाळी वाढणारी केंद्रे बऱ्याच ठिकाणी लहान खानावळवाल्यांनीच चालवली, म्हणजे अशी भागीदारी नवीन नाही. पुढे त्यांची अनुदानाची बिले रखडली, ते मात्र होता कामा नये.

घरमालकाला मी काय सांगणार? तो त्याच्या गाळ्याचे जास्तीत जास्त मिळवणार. पण माझ्या समाजातही गाळेमालक आहेत, आणि रमजानमध्ये ते मशिदीत पहिल्या रांगेत असतात. त्यांना एवढेच आठवण करून देतो की कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी, अशी आज्ञा सूरह अल-बकरामध्ये स्पष्ट आहे, आणि माफ करणे त्याहून चांगले असेही तिथेच म्हटले आहे. थकलेल्या भाड्यावर तगादा लावून, डिपॉझिट कापून, त्याच पैशातून जकात काढणे हा मला तरी विचित्र हिशेब वाटतो. हिंदू घरमालकालाही हे समजावायला वेगळ्या ग्रंथाची गरज पडणार नाही. भाडे दरवर्षी ठरावीक टक्के वाढवण्याऐवजी विक्रीच्या प्रमाणात घेण्याची पद्धत मॉलमध्ये सर्रास आहे. मोठ्या ब्रँडला जी सवलत मिळते, ती गल्लीतल्या हॉटेलला मागता आली पाहिजे.

आणि आपण. रमजान आला की खराडीतले, विमाननगरचे, वाघोलीचे लोक गाड्या काढून मोमीनपुऱ्यात किंवा कौसरबागेत खायला जातात. मुस्लिम जातात, हिंदू मित्रांचे घोळके जातात, रील बनवणारे तर आधी जातात. जावे, तिथली रौनक वेगळीच आहे. पण महिन्यातल्या एका रात्री दहा किलोमीटर जाऊन सातशे रुपये खर्च करणारा माणूस उरलेले अकरा महिने गल्लीतल्या हॉटेलला ॲपवरून 30 रुपयांची सवलत मागतो. पुढाऱ्यांच्या इफ्तार पार्ट्या मंगल कार्यालयांत होतात, केटरर बाहेरचा असतो, फ्लेक्सवर टोप्या घातलेले फोटो असतात. आयटी कंपन्याही आता ‘डायव्हर्सिटी’च्या नावाने इफ्तार ठेवतात आणि जेवण तारांकित हॉटेलमधून येते. त्याच पैशात कोपऱ्यावरच्या हॉटेलला पंधरा दिवसांची ऑर्डर मिळाली असती. मशिदीत इफ्तार पाठवणाऱ्या दानशूरांनीही देगी कुठून घ्यायच्या याचा विचार करावा. रोजेदाराला इफ्तार दिल्याचे पुण्य देगीच्या पत्त्यावर अवलंबून नसते, हॉटेलचे भाडे मात्र असते.

ईद झाली की एक गोष्ट दरवर्षी घडते. आचारी आणि वेटर गावी जातात. उत्तर प्रदेश, बिहार, कोणी बंगाल. पंधरा दिवस हॉटेल अर्धवट चालते किंवा बंद असते. पडदा धुवून, घडी करून माळ्यावर ठेवला जातो. मालक रमजानची कमाई मोजतो, मटणवाल्याचे, किराणावाल्याचे देणे फेडतो, आणि उरलेल्यातून नव्या वर्षाचे भाडे जमते का ते पाहतो. कराराची मुदत संपत आलेली असेल तर घरमालकाकडे जायचे असते. बऱ्याच हॉटेलांचा निर्णय याच पंधरा दिवसांत होतो. तेवढ्यात गावाहून आचाऱ्याचा फोन येतो, परतीचे तिकीट काढू का? गाड्या भरलेल्या असतात, उशीर केला तर मिळणार नाही. मालक त्याला म्हणतो, दोन दिवस थांब, सांगतो.